गारव्याचें तर्कशास्त्र

न्यायशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यास धूर व अग्नि यांचेंच उदाहरण आणखी किती दिवस द्यावयाचें, असा प्रश्न आम्हांस अलीकडे पडूं लागला आहे. त्याच्या जागीं घरगुती वातानुकूलन-यंत्राचें उदाहरण घालावें, अशी आमची शिफारस आहे. येथें अनुमान धूर निघण्यापूर्वींच करावें लागतें. तो निघाल्यावर अनुमान करण्याजोगें फारसें कांहीं उरत नाहीं!

आम्ही टेक्सासमधील ह्यूस्टन शहरीं चिरंजीवांकडे राहतों. येथें सबंध घरास मिळून एकच यंत्र असतें. हवा खेळविणारा पंखा माळ्यावर आणि कॉम्प्रेसर बाहेर परसांत. १९०२ सालीं विलिस कॅरिअर यानें ब्रुकलिनच्या एका छापखान्यांतील कागद दमट हवेनें बिघडूं नये म्हणून ही युक्ति योजिली. कागदासाठीं निघालेली ही सोय माणसांच्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, ऐन जुलैंत ती बंद पडल्यास वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या जिवाचाच प्रश्न उभा राहतो.

गेल्या जुलैंत तो प्रश्न आमच्या दारीं आला. नात चार महिन्यांची. घरांतील पारा ३३ अंश सेल्सियसवर. माळ्यावरचा पंखा चालू होता, परंतु बाहेरच्या यंत्रांतून नुसता गुणगुणाट येई, आणि तोहि थोड्या वेळानें थांबे. एका दुरुस्तीवाल्यानें दूरध्वनीवरूनच निकाल दिला: “कॉम्प्रेसर गेला, सगळें यंत्र बदला.” रोग्याची नाडी न पाहतां मृत्यूचा दाखला देणारा वैद्य आम्हांस प्रथमच भेटला.

आमच्या सूनबाई विद्युत्-अभियंत्या आहेत. त्या म्हणाल्या, “बाबा, वीज कोठपर्यंत पोहोंचते तें आधीं पाहूं.” भिंतीवरील थर्मोस्टॅटची आज्ञा २४ व्होल्टच्या तारेनें जाते. ती बाहेरच्या कॉन्टॅक्टरमधील वेटोळ्यास मिळाली, कीं तें चुंबक बनून २४० व्होल्टची वाट मोकळी करतें. माळ्यावरचा पंखा आज्ञा पाळीत होता; त्या अर्थीं २४ व्होल्टचा पुरवठा शाबूत. कॉन्टॅक्टरच्या दोन्ही बाजूंस मीटरनें २४० व्होल्ट दाखविले. त्या अर्थीं वाटहि मोकळी. मग दारांत आलेली वीज आंत काम कां करीना?

येथें सूनबाईंनीं जो तर्क केला, तो आम्हांस फार आवडला. कॉम्प्रेसरची मोटार व बाहेरच्या पंख्याची मोटार अशा दोघी एकाच दिवशीं मराव्यात, हें संभवनीय नाहीं. तेव्हां दोघींचें जें समाईक, तेथेंच दोष शोधावा. समाईक होता तो कपॅसिटर. घरगुती वीज अशा मोटारीस थरथरवूं शकते. कोणत्या दिशेनें फिरावें हें एकटी सांगूं शकत नाहीं. दुसऱ्या वेटोळ्यांतील प्रवाह किंचित् पुढें सारून ती दिशा कपॅसिटर दाखवितो.

त्यांनीं मुख्य फळीवरील ब्रेकर पाडला, यंत्राजवळील पेटींतील खटकाहि उपसला व मीटरनें खात्री करून घेतली. तरीहि हात घातला नाहीं; कारण वीज तोडल्यावरहि कपॅसिटर आपल्या पोटांत प्राणघातक भार सांठवून ठेवूं शकतो. तो रोधकांतून रिता केल्यावरच डबा बाहेर निघाला. त्याचें डोकें फुगलें होतें. अंगावर ४५ व ५ मायक्रोफॅरड असें छापलेलें. मीटर सांगे १८ व १. त्याच आंकड्यांचा नवा डबा बसतांच दोन्ही मोटारी फिरूं लागल्या व रात्रीं नात शांत झोंपली.

ज्यांस ही विद्या अवगत नाहीं, त्यांनीं त्या पेटीचें झांकण उघडूं नये. परंतु तिच्यांतील तर्क मात्र कोणींहि उचलावा. घरांत दोन माणसें एकाच दिवशीं रुसलीं, तर दोघांच्याहि स्वभावास नांवें ठेवण्यापूर्वीं त्यांच्यामधील समाईक डबा कोणता फुगला आहे, तें पाहावें. बहुधा वस्तु लहानच निघते.