वहीतले आमचे पान

उधारी वाईट, असे सांगणारे लोक बहुधा पगारदार असतात. एक तारखेला ज्याच्या हातात पैसे पडतात, त्याला रोखीचा उपदेश करायला काय जाते? आमच्या मंद्रूपला कित्येक घरांत वर्षाचा पैसा दिसतो तो शाळू निघाल्यावर, फाल्गुन-चैत्रात. मीठ-मिरची काही तोवर थांबत नाही.

१९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडायला जात. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळे. तिच्या भाकरीला चव म्हणून नव्हती. तेल, गूळ, चहापूड मात्र वाण्याच्या वहीवर यायची. त्यांना सारे गाव अण्णा म्हणे. आई मला पिशवी देऊन धाडी, कारण पोराला कोणी बाकी विचारीत नाही. अण्णाही विचारीत नसत; पण वहीतले आमचे पान काढून ती गल्ल्यावर उघडी ठेवीत, आणि उभ्या गिऱ्हाइकांना आमचा सगळा संसार वाचायला मिळे! त्या वर्षी एक पान भरून दुसरे लागले. अण्णांनी माल बंद केला नाही, हे विसरणे बरे नव्हे.

त्यांनी व्याजही कधी लावले नाही. व्याज भावात असे. रोखीवाल्यापेक्षा आम्हाला गूळ चढ्या दराने मिळे, आणि सुगी झाली की आमचा शाळू त्यांच्याच काट्यावर, त्यांच्याच भावाने जाई. सोलापूरच्या बाजारात चार पैसे जास्त मिळतात हे वडिलांना ठाऊक होते. पण ज्याचे मीठ वर्षभर खाल्ले, त्याच्या दारावरून भरली गाडी पुढे कशी हाकायची?

परवा पुतण्या सोलापुरातल्या एका मोठ्या दुकानाचे कार्ड घेऊन आला. नाव दुकानाचे, पैसे बँकेचे.

“काका, पन्नास दिवस बिनव्याजी! बाबांना फ्रिज घेऊन टाकतो. शाळू आला की देतील ते.”

मी चष्मा पुसून त्याच्याबरोबरचा बारीक मजकूर वाचला. त्या दुकानात सूट मिळते, हे खरे. आपली बाकी चारचौघांत उघडी पडत नाही, हा फायदा तर मला फारच मोठा वाटतो. पण बिनव्याजी ते पुरे बिल तारखेला भरणाऱ्यालाच. थोडी जरी बाकी राहिली तरी खरेदीच्या दिवसापासून व्याज, महिना साडेतीन टक्के. समजा, २०,००० रुपयांचे बिल आहे आणि किमान म्हणून १,००० भरले. त्यातले ७०० व्याजात गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी. मुद्दलातून पावणेदोनशेही फिटले नाहीत. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. अण्णांच्या गुळाने आम्हाला ते आधीच शिकवले होते म्हणा!

१८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. मग १८७९ चा कायदा आला. तो पुणे, सातारा, नगर आणि आमच्या सोलापूर जिल्ह्याला लागू झाला, आणि कुळाला पावती व हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. ज्यासाठी एवढा आकांत झाला, तो हिशेब कार्डवाले दरमहा न मागता पाठवतात. अण्णांनी तेवढेही कधी केले नाही. पण पाऊस लांबला की अण्णा आपणच म्हणत, “पुढच्या सुगीला बघू.”

भाऊ इतका वेळ गप्प होता. तो मुलाला म्हणाला, “त्या कार्डाला म्हणावं, फाल्गुनापर्यंत थांब.”

“तसं थांबत नाही, बाबा.”

“मग माझा शाळू त्यात कशाला धरतोस?”

मी पुतण्याला सांगितले, तुझ्या पगारातून पुरे बिल एकदम भरणार असशील तर खुशाल घे. सोलापुरात त्याला घरभाडे आहे, मोटारसायकलचा हप्ता आहे. तो पाठीमागच्या कोऱ्या जागेवर आकडे मांडीत बसला. इकडे शाळूची पेरणी झाली. फ्रिज अजून सोलापुरातच आहे.