घोड्याच्या टापांखाली

आयाकुचोतल्या त्या कारागिराच्या घरात शिरलो तेव्हा उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता. आपण जेवणाच्या वेळी आलो की काय, म्हणून मी संकोचलो. पण आतल्या खोलीत बटाटे कुस्करून त्यांत जिप्समची भुकटी मळली जात होती. त्या लगद्यातून बोटभर उंचीची माणसे, बैल, मेंढ्या घडत होत्या. बटाटा मूळचा अँडीजचाच म्हणा!

मुलगा नोकरीनिमित्त लिमात होता, म्हणून या वयात पेरू पाहणे झाले.

या चिमुकल्या माणसांचे घर म्हणजे दोन दारांची लाकडी पेटी, रेताब्लो. पूर्वी तिला सान मार्कोसची पेटी म्हणत. खेचरवाले ती डोंगरातल्या गुराख्यांकडे नेत. गुरांना डाग देण्याच्या विधीत ती मांडली जाई. वरच्या मजल्यावर जनावरांचे रखवालदार संत, खाली जमीनदार, गुराखी आणि हात बांधलेला गुरेचोर. १९४०च्या दशकात लिमाच्या काही चित्रकारांनी होआकिन लोपेझ आन्ताय यांना बाजार, सण, कापणी असे विषय सुचवले, आणि पेटी शहरी घरांत पोहोचली. १९७५चा राष्ट्रीय संस्कृती पुरस्कार त्यांना दिला गेला तेव्हा लिमातले अनेक चित्रकार खवळले: हा तर कारागीर! हा शब्द शिवीसारखा वापरता येतो, हे मला नवे नव्हते.

एका पेटीत पांढऱ्या घोड्यावर तलवार उगारलेला स्वार होता. टापांखाली एक माणूस पडलेला.

"हा कोण?" मी विचारले.

कारागीर सहज काहीतरी बोलला. मुलगा मात्र गप्प.

"अरे, सांग की."

"अब्बा, तो स्वार संत सांतियागो. खालचा मूर आहे. म्हणजे स्पेनमधला... आपला."

मी मुलाला म्हटले, "त्यांना सांग, मीही त्याच जमातीचा." म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. घोडेवाल्यांचा संत म्हणून आजोबांच्या हाताने शिकवला तसा तो घडवीत आलेला. मूर त्याने कधी पाहिला नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "कुस्कोत याच घोड्याखाली आमचा माणूस असतो, सेन्योर."

ते खरे होते. १५३६च्या कुस्कोच्या वेढ्यात सांतियागो आपल्या मदतीला धावला, अशी स्पॅनिशांची श्रद्धा. पुढे मूराच्या जागी इंका आला. आणि ज्यांना तुडवले त्यांनीच या संताला आपला विजेचा देव इल्यापा मानून ठेवून घेतले. हे मला अजून पुरते उमगलेले नाही. हार म्हणावी, की चलाखी?

मुलाने बटाट्याच्या कापणीची पेटी घ्यायचा आग्रह धरला. मी सांतियागोचीच घेतली. म्हाताऱ्याने ती बांधताना खाली पडलेल्या माणसाभोवती जरा जास्तच कापूस लावला.

घरी ही चित्रे कशाला आणलीत, म्हणून बायको कुरकुरली. आता नमाजाच्या वेळी ती पेटीची दारे लावून घेते. नंतर उघडायचे काम माझे.