पाठीला पाठ लावलेली चित्रं

अकलूज, रविवार रात्र.

काल पुण्यात होतो. काम लवकर उरकलं, म्हणून बाजीराव रोडवरच्या राजा केळकर संग्रहालयात शिरलो. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, गेलेल्या मुलाचं नाव दिलेला हा संग्रह. अडकित्ते, दिवे, वाद्यं सगळ्यांनाच आठवतात. माझ्या मनात मात्र घरी आल्यावरही चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, घोळतेय.

कागदावर ठसठशीत रेषांत रामायण-महाभारतातले प्रसंग. भलेमोठे डोळे, बाजूनं दिसणारे चेहरे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, एक प्रसंग सांगून झाला की कागद उलटायचा, पुढची गोष्ट चालू. अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ती गोष्ट सांगणारे चित्रकथी 'पोथी' म्हणत. पैठणी शैलीची ही चित्रं. कोकणात पिंगुळीच्या ठाकरांनी हीच कला आजवर जपलीय.

कागदाला उजेड सोसत नाही. रंग उडतात, कागद पिवळा पडून तडकतो. म्हणून जगभरची संग्रहालयं कागदावरची चित्रं साधारण 50 लक्सच्या मंद प्रकाशात ठेवतात, अधूनमधून पेटीत विश्रांतीही देतात. मला गंमत वाटली: ही चित्रं तर रात्री दिव्याच्या उजेडातच दाखवली जायची! काचेआड मात्र एकच बाजू दिसते. मागे कुठला प्रसंग असेल, या विचारानं मी उगाच वाकून पाहिलं.

आत्ता माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक काढली. वर साखर कारखान्याचं जुनं कॅलेंडर, खाली पंचांगं. कसर लागलीय. उद्या उन्हात घालणार होतो. आता सावलीतच पसरीन म्हणतो.