तांब्याभर पाणी

बोदवडला उन्हाळ्यात नळ पंधरा-पंधरा दिवसांनी येतो. आला की घरात सणच. टाकी, टिपं, हंडे, कळशा भरून ठेवायच्या आणि पुढचे दिवस मापानं काढायचे. माझं लहानपण याच मापात गेलं. वजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुणं, शिकलो तोही याच मापात.

अब्बांनी अंगणात पाट मांडून बधना, म्हणजे तोटीचा तांब्या, हातात दिला. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात. हे सगळं तीनदा. मसह, म्हणजे डोक्यावरून ओला हात फिरवणं, एकदाच. शेवटी घोट्यापर्यंत पाय. मी धार मोकळी सोडली की म्हणायचे, "वाहत्या नदीवर बसलास तरी जास्त पाणी घेऊ नये. इथं तर नदीही नाही." स्वतः ते तांब्याभर पाण्यात उरकायचे आणि सांडलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात जाईल असे बसायचे.

एकदा मे महिन्यात टँकर आलाच नाही. पिण्यापुरता एक हंडा उरला. अब्बांनी स्वच्छ मातीवर तळवे टेकवले, झटकले, चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवले. हा तयम्मुम. कुराणात सूरह माइदाच्या ज्या सहाव्या आयतीत वजू सांगितला आहे, तिच्यातच पाण्याअभावी ही मातीची सोयही आहे. शुद्ध व्हायचं म्हणून माती लावायची, याची मला गंमत वाटली. पण वजू म्हणजे नुसती धुलाई नव्हे, एवढं तेव्हाच कळलं.

पुढे मी शिक्षक झालो. शाळेत एक सर भुसावळहून पॅसेंजरनं यायचे. रेल्वे क्वार्टरात वाढलेले, मराठी ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी डोळे मिटून मान खाली घालायचे, अर्धा मिनिट, की झालं. ना पाणी, ना दिशा, ना जानमाज, म्हणजे नमाजाची चटई. मी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात पश्चिमेला तोंड करून जोहर, म्हणजे दुपारची नमाज, पढायचो, तेव्हा पोरं आत घुसू नयेत म्हणून तेच दाराशी उभे राहायचे.

एकदा विचारलं, "सर, हातपाय न धुताच प्रार्थना?"

"आमच्याकडे पाणी एकदाच, बाप्तिस्म्याला," ते हसले. कॅथलिक लोक चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, पण त्यांच्या चर्चमध्ये तेही नव्हतं. शिष्य हात न धुता जेवले म्हणून लोकांनी नावं ठेवली, तेव्हा माणूस विटाळतो तो आतून निघणाऱ्या गोष्टींनी, असं येशूनं सांगितल्याची मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट त्यांनी सांगितली. मी म्हटलं, "आमचे मौलानाही सांगतात, वजूच्या पाण्याबरोबर हातांचे, डोळ्यांचे गुन्हे गळून जातात. धुतो बाहेरून, हिशेब आतलाच."

तरी मनात होतं, यांचं बरंय, सोपं आहे. बहुधा चेहऱ्यावर दिसलं असावं.

"सोपं नाही हो," ते म्हणाले. "मत्तयात आहे, वेदीपाशी अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही सलतंय, तर अर्पण तिथंच ठेवायचं. आधी त्याच्याशी समेट, मग अर्पण. शेताच्या वाटणीवरून भावाशी भांडलोय मी. दोन महिने झाले, प्रभुभोजन घेतलेलं नाही. चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, परत येतो. तो आमचा वजू समजा."

मी डब्याचं झाकण लावलं. पुढं काही बोललो नाही.

त्या दिवशी मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाआधी, वजूसाठी पाटावर बसलो. कोपर धुताना भिंतीपलीकडे चुलतभावाच्या बधन्याची धार ऐकू आली. बोअरच्या पाइपावरून आमचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. मशिदीत मात्र कितीदा एकाच सफेत, म्हणजे रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचो. नमाज संपताना उजवीकडे मान वळवून सलाम फेरायचा, तुमच्यावर शांती असो म्हणायचं. दोन वर्षांत हा सलाम कितीदा त्याच्या खांद्यावरून गेला असेल!

त्या दिवशीही उजवीकडे तोच होता.

बाहेर चपला शोधताना मी विचारलं, "तुमच्याकडे आला का नळ?"

त्यानं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे?"