दुधाचे दात

तुला कोणत्या नावानं हाक मारू? फिलिस हे तर जहाजाचं नाव. त्यानंच तुझं बारसं केलं, १७६१ साली, बोस्टनच्या धक्क्यावर. आडनाव विकत घेणाऱ्याचं: व्हीटली. पश्चिम आफ्रिकेतून उचलून आणलेल्या पोरीचं वय कोण सांगणार? पुढचे दुधाचे दात पडले होते, त्यावरून सात-आठ वर्षांची धरली. कुठं पडले गं ते दात? किनाऱ्यावर, की भर समुद्रात? माझं मन तिथंच अडतं.

१७७३ मध्ये लंडनला तुझं पुस्तक निघालं. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं कवितेचं पहिलं पुस्तक. त्यात बोस्टनच्या १८ मातब्बर पुरुषांचा दाखला, की या कविता हिच्याच. आणि ते चित्र! हातात लेखणी, गालाला बोट, नजर वर लागलेली. भोवतीच्या लंबगोल चौकटीत कोरलंय, की ही जॉन व्हीटलींची नोकर. मी दर वेळी ती अक्षरं हातानं झाकून तुला पाहते.

ते चित्र सिपिओ मूरहेड या गुलाम तरुणानं काढलं असं मानतात. त्याची सही असलेलं एकही चित्र उरलेलं नाही. पण तुझ्या पुस्तकात त्याच्यासाठी कविता आहे, नुसती आद्याक्षरं घालून, त्याची चित्रं पाहून लिहिलेली. तुम्हां दोघांना एकमेकांची कला ओळखायला कुणाच्या सह्या लागल्या नाहीत.

दुसऱ्यांची लेकरं गेली की शोकगीत तू लिहायचीस. तू मात्र ५ डिसेंबर १७८४ ला गेलीस, जेमतेम एकतिशीत, हलाखीत. कबरीवर खूण नाही. १७७९ मध्ये ३३ कविता आणि १३ पत्रांच्या दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली होतीस. पुस्तक निघालंच नाही आणि ते बाड हरवलं. गुलामी तुझं बालपण घेऊन गेली, हे कळतं. ही वही गेली, ते मात्र अजून सोसवत नाही.

तुझ्या पुस्तकानंतर १०० वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना. ते पान उघडलं की मी मनातल्या मनात तिथं तुझं नाव लिहिते. आणि पुन्हा अडते. कोणतं नाव?

आफ्रिकेची एकच आठवण तुझ्यापाशी उरली होती, असं तुझ्या चरित्रात नोंदलंय. आई रोज पहाटे उगवत्या सूर्यापुढं पाणी ओतायची. पाणी ओतून झालं की ती मागं वळत असेल, आणि तुला हाक मारत असेल.