शेऱ्याचा रकाना

आमच्याकडे पोस्टर छापायचं म्हणजे फ्लेक्सवाल्याकडे जायचं. त्याच्या मशीनमधून त्या दिवशी कुणा नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर बाहेर सरकत होता, त्याच्यामागे आमचा नंबर. बंगळुरूच्या विद्यार्थी परिषदेच्या आयोजकांनी ए-झिरो आकार सांगितला होता, म्हणजे 841 बाय 1189 मिलिमीटर. फ्लेक्सवाला फुटांत बोलतो. "पावणेतीन बाय चार धरतो," म्हणाला, आणि फाइल उघडून बराच वेळ बघत बसला. "ह्यात फोटो कोणाचा टाकायचा?" डबक्याचा आहे की, असं आम्ही म्हटलं. त्याला काही ते पटलं नाही. वर कोपऱ्यात कॉलेजच्या मॅडमचा तरी गोल फोटो हवा, नाहीतर लोक थांबणार कसे, असं त्याचं म्हणणं. पुढे बंगळुरूत पोस्टरशेजारी उभी राहिल्यावर कळलं, माणूस आपल्या धंद्यातलं बोलत होता. लोक थांबत नाहीत.

मी तेव्हा टीवायबीएस्सीला होते, विषय प्राणिशास्त्र. राजापूर-देवगडच्या पट्ट्यात जांभ्या दगडाचे सडे आहेत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि फेब्रुवारीत त्याच कातळावर पाय भाजतात. गावात विचाराल तर सड्याचे उपयोग दोनच: चिरेखाण काढा, नाहीतर कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमं लावा. अलीकडे कातळशिल्पं गाजली, 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यामुळे बाहेरची माणसं सड्यावर यायला लागली. पण पावसाळ्यात कातळाच्या खळग्यांत साचणाऱ्या पाण्याकडे कोण बघतो? म्हशी बघतात, आणि त्या वर्षी आम्ही दोघी मैत्रिणी बघत होतो.

त्या पाण्यात फेअरी श्रिम्प नावाचा जीव असतो. पेरभर लांबीचा, आरपार दिसणारा, पायांच्या अकरा जोड्या, आणि पोहतो कायम उताणा. डबकं आटलं की ते सगळे मरतात. अंडी तेवढी गाळात राहतात. ती उन्हाळाभर, कधी तर वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. सह्याद्रीतून या गटातली एक नवी जात 2014 साली शास्त्रज्ञांनी नोंदवली, तिचं नाव स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस. मॅडमनी तो शोधनिबंध वर्गात दाखवला आणि म्हणाल्या, तुमच्या सड्यावर काय आहे ते बघा तरी. बघायला लागलो. काही डबकी ठरवली, त्यांची खोली आणि पाण्याचं तापमान घ्यायचं आणि चहाच्या गाळणीने ठरावीक वेळा ढवळून जीव मोजायचे. बारीक जाळी नंतर आली, पण तोवर गाळणीवर हात बसला होता.

नोंदींची वही लांबट, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली. लिहायचं पेन्सिलीने, कारण शाई पावसात पसरते. रकाने आखलेले: तारीख, वेळ, खोली, तापमान, संख्या आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना आम्ही काही विचार करून आखला नव्हता. आपल्याकडे कुठल्याही वहीत तो शेवटी असतोच, म्हणून आखला. त्यात माहितीपेक्षा वैताग जास्त. "कोरडं पडलं." "परत भरलं." "म्हशी बसल्यात, मोजता आलं नाही." "पुन्हा म्हशी."

हे काम आधी आम्ही 'आविष्कार'मध्ये मांडलं होतं. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 साली सुरू झालेली ही विद्यापीठांची स्पर्धा नसती, तर आमच्यासारख्यांनी पोस्टर हा प्रकार बघितलाच नसता, हे आधीच सांगून टाकते. स्पर्धा म्हटल्यावर परीक्षक आले, मोजकी मिनिटं आली आणि एक प्रश्न ठरलेला: याचा उपयोग काय? आमचं उत्तर पाठ होतं. फेअरी श्रिम्पचा खाऱ्या पाण्यातला भाऊबंद आर्टेमिया कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खाऊ घालतात, तेव्हा याचाही तसा उपयोग होऊ शकेल वगैरे. खोटं नव्हतं त्यात काही. पण त्यासाठी आम्ही भर पावसात सड्यावर जात नव्हतो, हे आम्हालाही माहीत होतं आणि बहुधा परीक्षकांनाही. गुण बरे पडले, पुढच्या फेरीत नंबर लागला नाही.

बंगळुरूच्या परिषदेचं मॅडमनीच सुचवलं. केंब्रिजला संवर्धनशास्त्राची विद्यार्थी परिषद भरते, तिची बंगळुरूची आवृत्ती 2010 पासून भरते. मोठे शास्त्रज्ञ येतात, भाषणं देतात, कार्यशाळा घेतात. पण आपलं काम मांडतात ते विद्यार्थी. गोषवारा पाठवायचा होता. आमच्या मसुद्याचं पहिलं वाक्य पृथ्वीवर पाण्याचं महत्त्व किती यावर होतं. मॅडमनी ते उडवलं. दुसरं जैवविविधतेच्या ऱ्हासावर होतं, तेही उडालं. तिसऱ्या वाक्यात डबकी आली, तिथून गोषवारा सुरू झाला. हे एवढं एक काम विद्यार्थ्याला कुणी शिकवलं तरी पुष्कळ आहे, असं मला आता शिकवायला लागल्यावर वाटतं.

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. फोंडा घाटाने एसटीने कोल्हापूर, तिथून रात्रीची बस. पोस्टर प्लंबिंगच्या पाइपात घातलेलं. त्याला मासे पकडायचा गळ समजून कंडक्टरने चौकशी केली.

पोस्टरचं सत्र चहाच्या वेळेला जोडून होतं. हातात कप घेतलेली माणसं रांगेतून फिरतात. त्यांची नजर आधी शीर्षकावर जाते, मग छातीवरच्या ओळखपत्रावर, मग पुढच्या पोस्टरवर. हे तीन सेकंदांत उरकतं, आणि आपण मात्र हसरा चेहरा तयार ठेवून उभं राहायचं. 2019 साली माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्याने पोस्टरांचा हा खाक्याच बदला म्हणून सांगितलं: मधोमध मोठ्या अक्षरांत एकच निष्कर्ष लिहा, बाकीचं कडेला ढकला. म्हणजे आमच्या फ्लेक्सवाल्याचंच म्हणणं, फक्त गोल फोटोच्या जागी वाक्य. आमच्या पोस्टरवर मात्र सगळं होतं: प्रस्तावना, पद्धती, तीन आलेख, आणि वाचायला कमरेत वाकावं लागेल एवढ्या लहान टायपात संदर्भ.

त्या संदर्भांपर्यंत खरोखरच वाकून पोचलेल्या एक बाई होत्या. कर्नाटकातल्या सड्यांवर बेडकांचं काम करणाऱ्या. माझं पाठ केलेलं दोन मिनिटांचं भाषण त्यांनी निम्म्यात थांबवलं, पण चांगल्या रीतीने. म्हणाल्या, हे वाचलं मी. यातली मध्येच आटून पुन्हा भरलेली डबकी कुठली? आलेखात ते नव्हतं. आलेखात महिन्यांच्या सरासऱ्या होत्या. वहीत आहे, असं मैत्रीण म्हणाली. वही आणलीय? आणली होती.

त्यांना ते कशाला हवं होतं, हे त्यांनी उभ्या उभ्या समजावून सांगितलं. एका पावसात सगळी अंडी फुटत नाहीत, काही तशीच मागे राहतात. जूनमध्ये सरी येऊन गेल्या आणि मग उघडीप पडून डबकं आटलं, तर पहिली पिढी अंडी घालायच्या आतच मरून जायची. त्या वेळी मागे राहिलेली अंडी कामाला येतात. हे पुस्तकात आम्ही वाचलेलं होतं. आमच्या सड्यावर ते तारीखवार घडून गेलंय आणि आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेलं आहे, असं मात्र मनात आलं नव्हतं.

सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मैत्रीण पान उलटायची, मी शेरा वाचून इंग्रजीत सांगायची आणि त्या आपल्या डायरीत उतरवायच्या. "म्हशी बसल्यात" आल्यावर मी ते वगळून पुढे निघाले. पेन्सिलीखालचा शब्द बघून त्यांनीच विचारलं, हे काय, सारखं सारखं येतंय? म्हशी म्हटल्यावर त्यांनी डायरी मांडीवर ठेवली. कुठल्या डबक्यात बसतात? तिथून उठून कुठे जातात? एकाच वाटेने जातात का? म्हशीच्या अंगाला आणि खुरांना गाळ लागतो, गाळात अंडी असतात, आणि ती म्हैस अर्ध्या तासाने दुसऱ्या डबक्यात जाऊन बसते. फेअरी श्रिम्पला स्वतःहून कातळावरून चालत जाता येत नाही. पाण्याबरोबर, वाऱ्याबरोबर, पक्ष्यांबरोबर, जनावरांबरोबर जाईल तेवढाच.

चहा संपून पुढचं सत्र सुरू झालं तरी आम्ही बसलेल्याच. याचा उपयोग काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. निघताना वहीच्या पानांचे फोटो मागितले, आणि वापरले तर तुम्हाला विचारून, नावानिशी वापरीन, असं सांगून ईमेल लिहून घेतला. घरी फोन केला तेव्हा आईने विचारलं, बक्षीस मिळालं का? नाही म्हटलं. मग एवढ्या लांब कशाला गेलात, हे तिने विचारलं नाही, पण ऐकू आलं.

आता पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं. त्याला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. माझ्या वर्गातली जी मुलं पावसात न कंटाळता उभी राहतात, त्यांतल्या पुष्कळांना तेवढे पडत नाहीत. वही आखून सड्यावर जायला टक्के लागत नाहीत, असं मी त्यांना सांगते. मग ती जातात.

बंगळुरूहून आल्यावर पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघींनी गुरं राखणाऱ्या आजोबांना गाठलं. म्हशी आधी कुठे जातात, मग कुठे, हे सगळं विचारलं, आणि कशासाठी तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हशींचा इचारूक तुमका बेंगलोराक जावचा लागला?" मग रीतसर सांगितलं. सकाळी देवळामागचं डबकं, कारण तिथला गाळ मऊ. ऊन चढलं की वरचं मोठं, खोल आहे म्हणून. आणि पाऊस लागून राहिला तर म्हशी कुठेच बसत नाहीत, उभ्याच चरतात. हे शेवटचं आम्हाला माहीत नव्हतं. लिहून घेतलं. आजोबांनी विचारलं, यात आपलं नाव येणार का. येईल म्हटलं. दुसऱ्या पोस्टरवर ते आभारांत आहे, मॅडमच्या नावाच्या खाली आणि फ्लेक्सवाल्याच्या वर.