शिवेवरचा रेनस्टाइग

रेनस्टाइगला गावांची फारशी ओढ नाही. जर्मनीत थुरिंगियाच्या जंगलातून हा पायी चालायचा मार्ग सुमारे 170 किलोमीटर जातो, पण वाटेत वस्ती लागते ती तुरळक. माणसं खाली खोऱ्यांत, पाण्याच्या सोयीनं राहतात. हा आपला वर, डोंगराची धार धरून. आइझेनाखजवळच्या हर्शेल गावात वेरा नदीच्या काठावरून निघतो, बीचच्या झाडीतून चढत स्प्रूसच्या दाट रानात शिरतो, बेरबेर्गच्या अंगानं साडेनऊशे मीटरच्याही वर जातो आणि शेवटी ब्लांकेनस्टाइनला साले नदीकडे उतरतो.

धार सोडायची नाही हा त्याचा हट्ट त्याच्या जुन्या कामातून आला आहे. तो शिवेवरचा राखणदार. उत्तरेला थुरिंगिया, दक्षिणेला फ्रँकोनिया. ही हद्द त्यानं शतकानुशतकं सांभाळली. 1330 च्या एका दस्तात त्याचं नाव सापडतं, म्हणजे तेव्हाही लोक त्याला ओळखत होते. आजही त्याच्या दोन अंगांच्या खोऱ्यांत उतरून कान दिला, तर बोली बदललेली ऐकू येते.

त्याची खरी ओळख पटते ती हद्दीच्या दगडांपाशी. असे शेकडो दगड त्याच्या कडेला उभे आहेत, काही सोळाव्या शतकातले. गुडघ्याएवढा, एका अंगानं कललेला, उत्तरेकडच्या बाजूनं शेवाळलेला असा एखादा दगड दिसला की खाली बसावं आणि हातानं शेवाळ बाजूला सारावं. एका अंगावर एका सत्ताधीशाचं चिन्ह किंवा आद्याक्षरं, दुसऱ्या अंगावर शेजाऱ्याची, मध्ये क्रमांक, कधी साल. माथ्यावर छिन्नीनं पाडलेली एक खाच असते. तिच्यावर बोट ठेवून त्याच दिशेनं मान वर केली, की झाडांमधून हद्द कुठं गेली ते कळतं. वाट आणि हद्द इतक्या लगटून जातात, की एक पाय या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात टाकत चालता यायचं. जिथं तीन राज्यं भेटत तिथले दगड तिघांच्या नावाचे. त्या संस्थानिकांचं राज्य केव्हाच गेलं, पण दगडांनी जागा सोडलेली नाही.

पाण्याचाही हिशेब त्याच्याकडे आहे. सीगमुंड्सबुर्गजवळ 1906 साली उभारलेला एक तिकोनी स्तंभ आहे. तिथल्या डोंगरावर पडलेला पाऊस कुठं वेझर नदीकडे जातो, कुठं एल्बेकडे, तर कुठं ऱ्हाइनकडे.

एवढी हद्द राखणाऱ्यालाच हद्दीनं तोडलं, हे मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख वाटतं. पूर्वेकडच्या टप्प्यात तो थोडा बव्हेरियात शिरतो आणि परत थुरिंगियात येतो. कित्येक पिढ्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर देशाची फाळणी झाली आणि थुरिंगिया व बव्हेरियामधली तीच जुनी संस्थानी शीव दोन जर्मनींची सरहद्द बनली. दगड तेच राहिले. त्यांच्या मागं, पूर्व जर्मनीच्या बाजूला, तारेची कुंपणं आली, पहारे आले. 1952 मध्ये सरहद्दीलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा परवान्याशिवाय बंद झाला. ब्लांकेनस्टाइन तर ऐन सीमेवरचं गाव, तेही त्यातच अडकलं.

या वाटेवर चालणाऱ्यांची एक रीत आहे. निघताना वेरा नदीतला एक खडा खिशात टाकायचा आणि शेवटी ब्लांकेनस्टाइनला तो पाण्यात सोडायचा. वाटेत कोणी भेटलं की ‘गुट रुन्स्ट’ म्हणायचं. तो इथला रामराम. फाळणीच्या काळातही पूर्व जर्मनीतले लोक पश्चिमेकडचा मोठा टप्पा हौसेनं चालत, पण त्यांना वाट अर्ध्यात सोडून परतावं लागे. 1829 साली यूलियुस फॉन प्लेंकनर हे लष्करी अधिकारी ही वाट सबंध चालून गेले होते आणि त्यांच्यामागून कितीतरी जण. पुढच्या शतकात मात्र चाळीसएक वर्षं ते कोणालाच जमलं नाही. बर्लिनची भिंत पडल्यावर 28 एप्रिल 1990 ला वाट पुन्हा सलग खुली झाली.

आता त्याच्यावर वेगळं संकट आलं आहे. लाकडासाठी माणसानं लावलेली स्प्रूसची एकसुरी रानं 2018 पासूनच्या कोरड्या वर्षांत तहानेनं खंगली आणि सालीखालच्या भुंगेऱ्यांनी ती पोखरली. पूर्वेकडे, जिथं कधी कुंपणं होती त्याच भागात, डोंगरच्या डोंगर उघडे पडले आहेत. चालणाऱ्याला उन्हापासून आडोसा नाही. स्प्रूसच्या जागी आता बीच आणि इतर मिश्र झाडं लावतात, हे योग्यच आहे, पण त्यांची सावली पडायला बराच काळ लागेल. शिवाय या वाटेची खूण, म्हणजे पांढऱ्या रंगातलं ‘आर’ हे अक्षर, बऱ्याच ठिकाणी झाडाच्या खोडावरच रंगवलेली असते. झाड तोडलं की खूणही जाते. मग वाटेची देखभाल करणाऱ्यांना रंगाचा डबा घेऊन पुन्हा वर चढावं लागतं आणि खोड नसेल तिथं आधी खांब रोवावा लागतो.